वेशीबाहेर, आपण होऊन

श्रोतेहो, नमस्कार. आणि माझ्या मंडळीतल्या, घरोघरी ऐकत बसलेल्या सगळ्यांना जय ख्रिस्त.

आज उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, येशूच्या मरणाचा दिवस. आणखी काही तासांनी, बारा वाजता, नागपुरातली आम्ही ख्रिस्ती माणसं आपापल्या देवळांत तीन तासांसाठी बसू. येशूने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार एकेक करून वाचले जातील. मध्ये गीतं, मध्ये शांतता. पंखे फिरत असतात, तरी घाम थांबत नाही. दाराशी छत्र्या असतात, बायकांचे दुपट्टे असतात आणि पुष्कळांचा उपास असतो. लहानपणी मला हे तीन तास फार लांब वाटायचे. आता वाटत नाहीत.

आजच्या दिवसाविषयी बोलायचं, तर मला सुरुवात मारबतीपासून करावी लागेल. नागपूरकरांना मारबत सांगायची गरज नाही, पण आवाज दूरवर जातो म्हणून थोडक्यात सांगते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, इतवारी-महालाच्या रस्त्यांवरून काळी आणि पिवळी मारबत निघते. बांबू, कागद, कापड यांच्या प्रचंड मूर्ती, सोबत बडगे नावाचे पुतळे, आणि हजारो कंठांतून एकच आरोळी: "इडा, पिडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!" शंभराहून जास्त वर्षं हे चाललेलं आहे. वडील रेल्वेत होते, आम्ही अजनीला क्वार्टरमध्ये राहायचो. बाबा मला खांद्यावर बसवून दरवर्षी मारबत दाखवायला नेत. गर्दीत एखादी म्हातारी हात जोडून, अगदी मनापासून, घरातल्या कुणाचं दुखणं मारबतीच्या अंगावर घालताना मी पाहिलेली आहे. त्या हात जोडण्याची चेष्टा करायची माझी छाती नाही. आपल्यावरचं ओझं कुणीतरी उचलून शहराबाहेर न्यावं, ही माणसाची फार जुनी आस आहे.

पुढे मी शब्बाथ शाळेत मुलांना शिकवू लागले, तेव्हा बायबलातल्या लेवीय या पुस्तकाचा सोळावा अध्याय समोर आला. इस्राएलाच्या प्रायश्चित्ताच्या दिवशी दोन बकरे आणत. एकाचा यज्ञ होई. दुसऱ्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवी, लोकांची सगळी पापं मोठ्यानं कबूल करी, आणि तो बकरा रानात सोडून दिला जाई. वाचता वाचता मला इतवारीतला तो रस्ता दिसायला लागला. हजारो मैलांचं आणि हजारो वर्षांचं अंतर, पण गाऱ्हाणं तेच. आणि एक गोष्ट दोन्हीकडे सारखी होती. त्या बकऱ्याला कुणी विचारलेलं नव्हतं. मारबतीला तर विचारण्याचा प्रश्नच नाही.

बायबलातलं इब्री लोकांस पत्र लिहिणारा तेराव्या अध्यायात सांगतो की येशूने वेशीबाहेर मरण सोसलं. मराठी शास्त्रातला तो शब्द आहे, वेशीबाहेर. यरुशलेमच्या तटाबाहेर, शहराजवळच, गुलगुथा म्हणजे कवटीची जागा नावाच्या ठिकाणी. मूळ ग्रीक वाचणाऱ्याला तिथे शहराचा दरवाजा दिसत असेल. मराठी माणसाला दुसरंच काही दिसतं. माझी आजी नगर जिल्ह्यातल्या एका गावात वेशीबाहेरच्या वस्तीत जन्मली. पाणी वरून ओतून मिळायचं. तिनं ते वेशीबाहेर असणं निवडलेलं नव्हतं, तिच्यावर ते लादलेलं होतं. ते लादलेलं जिणं झुगारून १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो माणसं याच नागपुरात दीक्षाभूमीवर उभी राहिली, हे या शहरात बोलताना विसरून चालणार नाही. आजी बायबल शिकली ती मोठेपणी, अक्षराला अक्षर लावून. या ओळीशी आली की थांबायची. म्हणायची, "त्याला कुणी ढकललं नाही गं. तो आपल्याकडे चालत आला."

आपण होऊन. माझं आजचं सगळं बोलणं या दोन शब्दांभोवती आहे.

योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे त्यानं लिहिलेल्या येशूच्या चरित्रात, दहाव्या अध्यायात, येशू आपल्या प्राणाविषयी बोलतो. कोणी तो माझ्यापासून घेत नाही, मी होऊनच तो देतो, असं तो म्हणतो. हे वाक्य नुसतं वाक्य नाही, याची खात्री मला, येशूला धरलं त्या रात्री तो जिथे होता त्या गेथशेमाने बागेचा भूगोल समजला तेव्हा पटली. गेथशेमाने म्हणजे तेलाचा घाणा. जैतुनाच्या डोंगराच्या पायथ्याशी ही बाग. समोर किद्रोनचा ओढा, ओढ्यापलीकडे यरुशलेमचा तट. वल्हांडण हा यहूदी लोकांचा सण, म्हणजे पौर्णिमेची रात्र. धरायला येणारे लोक कंदील आणि मशाली घेऊन आले, असं योहान लिहितो. ओढा ओलांडून चढत येणाऱ्या मशाली दुरून दिसतात. मागे मात्र डोंगर मोकळा होता. डोंगरापलीकडे तीनेक किलोमीटरवर बेथानी, तिथे मित्रांचं घर. बेथानीच्या पुढे यहूदाचं ओसाड रान, जिथे लपलेला माणूस सैन्याला सापडत नाही. पुढे राजा झालेल्या दाविदाने त्याच मुलखात स्वतःचा जीव वाचवला होता. शिष्य झोपलेले होते. अडवायला कुणी नव्हतं. उठून चालायला लागला असता, तर उजाडेपर्यंत तो हाताबाहेर गेला असता.

तो थांबला.

आणि तो निर्विकार मनानं थांबला नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. आमच्यातले काही प्रवचनकार येशूला असा रंगवतात की जणू मरणाची त्याला हौसच होती. शुभवर्तमानं तसं सांगत नाहीत. तो जमिनीवर पडतो. "अब्बा, बापा" अशी हाक मारतो आणि हा प्याला माझ्यापासून दूर कर म्हणतो. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, असं लूक लिहितो. त्याला जगायचं होतं. वय तिशीच्या पुढचं, जिवाभावाची माणसं, अर्धवट शिकलेले शिष्य. "तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको" हे शब्द त्यानंतरचे आहेत. स्वतःची इच्छा होती, म्हणून तर ती देता आली.

पुढच्या प्रसंगांत हेच दिसत राहतं. त्याचा शिष्य पेत्र तलवार उपसतो, येशू ती म्यानात घालायला लावतो. बापाकडे मागितलं तर देवदूतांच्या बारा सैन्यांहून अधिक येतील, असं सांगतो आणि मागत नाही. मला हवं तर धरा, ह्यांना जाऊ द्या, म्हणतो. रोमी सुभेदार पिलात याच्यासमोर सुटकेसाठी एक शब्द बोलत नाही. आणि गुलगुथावर बोळ मिसळलेला द्राक्षारस त्याला देऊ केला, तो त्यानं घेतला नाही, हे मार्क नोंदवतो. वेदना बधिर व्हावी म्हणून तो देत असत, असं भाष्यकार सांगतात. मी माझ्या आईचं शेवटचं आजारपण पाहिलंय. वेदना थांबवणारं इंजेक्शन आलं की तिचा चेहरा कसा सैल पडायचा, ते अजून आठवतं. तसलं औषध नाकारणं म्हणजे काय, ते त्या दिवसांनंतर मला कळलं. पूर्ण शुद्धीत द्यायचं, असं त्यानं ठरवलेलं होतं.

आता, यातून आम्हाला काय मिळालं? आम्ही याला तारण म्हणतो, प्रायश्चित्त म्हणतो. पण आमचे दोन शब्द मराठीत अडचणीचे आहेत. एक खंडणी. पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून द्यायला मी आलो, असं येशू म्हणतो. आज खंडणी म्हटलं की धमकीचा फोन आठवतो. मूळ ग्रीक शब्द गुलामाला किंवा युद्धातल्या कैद्याला सोडवताना मोजलेल्या किमतीचा आहे. दुसरा शब्द बळी. वर्तमानपत्रात आपण वाचतो, उष्माघाताचे दोन बळी. तिथे बळी म्हणजे ज्याच्या हातात काही नव्हतं असा माणूस. पण याच मराठीत बळीराजाही आहे, दिलेल्या शब्दासाठी तिसरं पाऊल आपल्या मस्तकावर झेलणारा. आमच्या गीतांतला बळी हा शब्द त्या राजाच्या बाजूनं ऐकावा, अशी माझी विनंती आहे.

मग ही किंमत दिली कुणाला? हा प्रश्न आमच्यात फार जुना आहे. सैतानाला दिली, असं काही जण म्हणत. चौथ्या शतकात नाझियान्झचा ग्रेगरी याने ते साफ धुडकावलं, आणि पुत्राच्या रक्तानं बापाला आनंद होतो असं तरी कसं म्हणायचं, असंही विचारलं. अकराव्या शतकात कँटरबरीच्या अँसेल्मने कर्जाची भाषा वापरली: ऋण माणसाचं, फेडण्याची ताकद मात्र देवाची. बाराव्या शतकात पॅरिसच्या अबेलार्डने प्रीतीची भाषा वापरली. प्राचीन मतांगीकारात, म्हणजे मंडळीच्या विश्वासाच्या कबुलीत, मात्र यातला एकही सिद्धांत नाही. निकीयाच्या मतांगीकारात आहे तो एवढाच उल्लेख, की आम्हा मानवांकरिता तो उतरला आणि पंतय पिलाताच्या वेळी आमच्याकरिता वधस्तंभी खिळला गेला. आमच्याकरिता. मला तेवढं पुरतं.

फक्त एका चित्राला माझा ठाम विरोध आहे. बाप रागावलेला, कुणाला तरी मारल्याशिवाय त्याचा राग शमत नाही, आणि तावडीत सापडला निरपराध पोरगा, हे ते चित्र. असा बाप शेजारी राहत असता तर आपण पोलिसांत गेलो असतो. आमचा विश्वास हा नाही. जो वधस्तंभावर आहे तो देवच आहे. याजक तोच, बळीही तोच, असं इब्री पत्र सांगतं. देवानं दुसऱ्या कुणाला पुढे केलं नाही. आणि हे एकदाच झालं, असं त्याच पत्रात पुन्हा पुन्हा येतं. त्यानंतर कुणाच्या डोक्यावर हात ठेवून त्याला रानात हाकलायचं काम उरलेलं नाही.

हे कळूनही ख्रिस्ती लोकांनी शतकानुशतकं यहूदी लोकांना ख्रिस्ताचे मारेकरी म्हणून छळलं. ज्यानं जीव आपण होऊन दिला, त्याच्या नावानं! १९६५ साली रोमन कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं तो सरसकट आरोप नाकारला, पण फार उशिरा.

श्रोतेहो, शेवटचं जे सांगायचं आहे ते मला जड जातंय.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळात एक तरुण बाई यायची. तिचा नवरा तिला मारायचा. एकदा सभा संपल्यावर ती माझ्यापाशी थांबली आणि बाही वर करून तिनं मला दंड दाखवला. मी तिला म्हणाले, "बाई, प्रभूनं तर यापेक्षा जास्त सोसलं. आपला वधस्तंभ आपण उचलायचा असतो." मला वाटलं मी शास्त्र सांगतेय. ती काही बोलली नाही. बाही खाली केली आणि गेली. पुढे ती यायची बंद झाली.

ज्याच्या हाती नाही म्हणायचा पूर्ण अधिकार होता, त्यानं हो म्हटलं, हे ख्रिस्ताचं अर्पण. तिच्या हाती नाही म्हणायची सोय कुणी ठेवलीच नव्हती. तिच्या त्या घराचा उंबरा ओलांडायला कुणीतरी हात द्यायला हवा होता, आणि ते काम माझं होतं. मी मात्र इतवारीतल्या गर्दीसारखी वागले, घरादाराची पीडा तिच्या अंगावर घातली, आणि वर प्रभूचं नाव घेतलं. माझ्या आजीला कुणी सांगितलं असतं की वेशीबाहेर राहणं हाच तुझा वधस्तंभ, तर तिनं त्याला उभं केलं नसतं.

ती बाई आता कुठे असते, मला माहीत नाही. कुठे रेडिओ लावून बसली असेल, तर तिला माझा आवाज ओळखू येईल. मी तुला जे म्हणाले ते ख्रिस्ताचं म्हणणं नव्हतं, बाई. ते माझं होतं, आणि ते मी आज परत घेते.

नमस्कार.