दोन अ‍ॅम्प, एक स्विच आणि चार वायरी

हे दोन अ‍ॅम्प (स्पीकर चालवणारे अ‍ॅम्प्लिफायर) आणि ही स्पीकरची एक जोडी. कुठला चांगला वाजतो ते बघायचं तर एक ऐकायचा, बंद करायचा, वायरी सोडवायच्या, दुसऱ्याला लावायच्या, यात दोन-तीन मिनिटं जातात आणि तोवर पहिल्याचा आवाज नेमका कसा होता ते कानात राहिलेलंच नसतं. बारीक फरकाची आठवण काही सेकंदच टिकते हो. म्हणून हा डबा, स्विच फिरवला की स्पीकर लगेच एकावरून दुसऱ्यावर.

आत फार काही नाही, चार पोलचा टू-वे स्विच (एका झटक्यात चार वायरी इकडून तिकडे नेणारा), वायरी अडकवायचे बाइंडिंग पोस्ट आणि दीड स्क्वेअर एमएमची वायर. आता चार पोल कशाला, निगेटिव्ह सगळ्या एकत्र बांधल्या तर दोन पोलमध्ये भागतं, असं खूप जण करतात आणि तिथेच अ‍ॅम्प उडतो. बरेच क्लास डी (कमी तापणाऱ्या स्विचिंग जातीचे) अ‍ॅम्प ब्रिज केलेले असतात, म्हणजे त्यांच्या मायनसवर पण सिग्नल असतो, ते ग्राउंड नसतं. त्यामुळे लेफ्ट-राइटचे प्लस आणि मायनस, चारही वायरी स्विचमधूनच गेल्या पाहिजेत.

स्विच ब्रेक-बिफोर-मेक घ्या, पहिलं सुटल्यावरच दुसरं जुळणारा, कारण दोन अ‍ॅम्पचे आउटपुट क्षणभरही एकमेकांना भिडता कामा नयेत. 4 ओहमवर 100 वॅट म्हणजे 5 अँपिअर, तेव्हा रेटिंग 10 चं बघा. व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प मात्र याला लावू नका, स्पीकर सुटला की त्याचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

सोल्डरिंग झालं की मल्टीमीटर बझरवर ठेवून तपासा, स्विच कुठेही असो, दोन अ‍ॅम्पच्या पोस्टमध्ये बीप यायलाच नको.

आता खरी मेहनत. दोन्ही अ‍ॅम्पना वाय केबलने (एकाचे दोन फाटे करणारी) एकच सिग्नल द्यायचा, 200 हर्ट्झचा टोन लावायचा आणि स्पीकरच्या टोकांवर एसी व्होल्ट मोजायचे. एकावर 2 व्होल्ट असतील तर दुसऱ्याचा व्हॉल्यूम फिरवून फरक 0.02 व्होल्टच्या आत आणायचा, म्हणजे साधारण 0.1 डीबी (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप). जरा मोठा वाजणारा अ‍ॅम्प कानाला चांगलाच वाटतो, मोठा आहे हे कळतही नाही. मी आधी न जुळवता ऐकलं तेव्हा एकाचा बास भरीव वाटला होता, जुळवल्यावर तो फरक गेला.

डबा उलटा लावला की एका अ‍ॅम्पवर दोन स्पीकर जोड्या ऐकता येतात, फक्त तिथे व्होल्ट जुळवून भागत नाही, पिंक नॉइज (सगळे सूर मिसळलेला खळखळाट) लावून बसायच्या जागी साउंड मीटरने आवाज मोजावा लागतो.

आता स्विच दुसऱ्याच्या हातात देतो आणि मी पाठ फिरवून बसतो. कुठला वाजतोय ते 16 वेळा ओळखायचं, 12 तरी बरोबर आले तरच फरक ऐकू येतोय असं मी धरणार. चला, पहिली वेळ.