एकाच जोडप्याची तीन लग्ने

न्यूयॉर्कच्या बेचाळिसाव्या रस्त्यावरील ही इमारत आज ‘न्यू व्हिक्टरी’ या नावाने ओळखली जाते आणि तेथे प्रामुख्याने मुलांसाठीची नाटके होतात. शंभर वर्षांपूर्वी तिचे नाव ‘रिपब्लिक’ होते आणि ‘ॲबीज आयरिश रोझ’ नावाच्या एका तीन अंकी विनोदी नाटकाने तेथे असा काही मुक्काम ठोकला होता की, हे नाटक एकदाचे उतरणार कधी, हा शहरभर चेष्टेचा विषय झाला होता. २३ मे १९२२ रोजी फुल्टन नाट्यगृहात सुरू झालेले हे नाटक पुढे रिपब्लिकमध्ये आले आणि १९२७ च्या ऑक्टोबरपर्यंत चालले. एकूण प्रयोग झाले २,३२७. ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या व्यावसायिक रंगभूमीवर, तोपर्यंत कोणत्याही नाटकाने एवढा पल्ला गाठला नव्हता.

नाटकाच्या लेखिका ॲन निकोल्स यांचा जन्म १८९१ मध्ये जॉर्जिया राज्यातील एका प्रोटेस्टंट घरात झाला. ज्यू आणि आयरिश कॅथलिक या दोन स्थलांतरित समाजांतील लग्नावर त्यांनी लिहिलेले हे नाटक न्यूयॉर्कच्या आधी लॉस एंजेलिसमध्ये रंगले होते. न्यूयॉर्कमध्ये त्यांनी ते स्वतःच्या जबाबदारीवर उभे केले आणि पैसे कमी पडले तेव्हा अर्नोल्ड रॉथस्टीन यांच्याकडून कर्ज घेतले. हे रॉथस्टीन म्हणजे १९१९ च्या बेसबॉल विजेतेपदाच्या मालिकेत सामने ‘फिक्स’ केल्याचा ज्यांच्यावर संशय होता, तेच प्रसिद्ध जुगारी. दोन धर्मांच्या मनोमिलनाच्या नाटकाला असा सावकार लाभावा, ही गोष्ट निकोल्स यांनी नाटकात घातली असती तर कोणी खरी मानली नसती.

कथानक लग्नघरातल्या गोंधळाचे आहे. सॉलोमन लेव्ही हे न्यूयॉर्कच्या व्यापारात जम बसलेले विधुर गृहस्थ असून, घरात येणारी सून ज्यू धर्म काटेकोरपणे पाळणाऱ्या घराण्यातलीच असली पाहिजे, हा त्यांचा ध्यास आहे. त्यांचा एकुलता एक मुलगा ॲबी याने मात्र रोझ मेरी मर्फी या आयरिश कॅथलिक मुलीशी एका प्रोटेस्टंट धर्मोपदेशकासमोर गुपचूप लग्न उरकलेले आहे. खरे सांगण्याचे धाडस नसल्यामुळे तो बायकोलाच ‘मर्फेस्की’ आडनावाची ज्यू मुलगी म्हणून वडिलांसमोर उभी करतो. सॉलोमन तिच्यावर इतके खूश होतात की, या दोघांचे लग्न झालेच पाहिजे असे ठरवून ते रब्बींना, म्हणजे ज्यू धर्मगुरूंना, बोलावतात आणि ज्यू पद्धतीच्या लग्नाची तयारी सुरू करतात. इकडे मुलगी एका कॅथलिक आयरिश तरुणाशी लग्न करते आहे, अशा समजुतीत असलेले तिचे वडील पॅट्रिक मर्फी कॅलिफोर्नियाहून एका पाद्र्यांना बरोबर घेऊन निघतात, आणि नेमके लग्न लागत असतानाच दारात येऊन उभे राहतात.

त्यानंतर दोन्ही व्याही एकमेकांवर तुटून पडतात. खरा नाट्यमय क्षण मात्र त्या आरडाओरडीच्या बाजूला घडतो. रब्बी आणि पाद्री एकमेकांकडे निरखून पाहतात आणि त्यांना ओळख पटते. पहिल्या महायुद्धात दोघेही फ्रान्समध्ये सैन्याबरोबर होते आणि मरणाऱ्या सैनिकाला धीर देताना त्याचा धर्म कोणता हे विचारण्याइतका वेळ दोघांपैकी कोणाकडेच नव्हता. १९२२ साली प्रेक्षागृहात बसलेल्या कितीतरी जणांसाठी ते युद्ध काही वर्षांपूर्वीचेच होते, म्हणून या छोट्या संवादाचे वजन आज संहिता वाचताना जाणवते त्याहून पुष्कळ अधिक असले पाहिजे. मग मुलीच्या वडिलांना युक्तीने बाजूला नेले जाते आणि पाद्री त्याच जोडप्याचे तिसऱ्यांदा, या वेळी कॅथलिक पद्धतीने, लग्न लावून मोकळे होतात.

येथे एका गोष्टीकडे लक्ष वेधले पाहिजे, कारण नाटक ते हसत हसत टाळून जाते. धर्मशास्त्राच्या काटेकोर हिशेबाने यांतील दुसरे आणि तिसरे, ही दोन्ही लग्ने टिकण्यासारखी नाहीत. वधू ज्यू नसताना लागलेले लग्न ज्यू धर्मकायदा विवाह मानत नाही. बाप्तिस्मा न झालेल्या व्यक्तीशी कॅथलिक व्यक्तीचे लग्न व्हायचे, तर चर्चची खास सूट मिळवणे आणि मुले कॅथलिक म्हणून वाढवण्याचे वचन देणे १९१७ च्या चर्चसंहितेनुसार आवश्यक होते. ती सूट नसेल, तर लग्नच रद्दबातल. म्हणजे तीनपैकी निर्विवाद वैध लग्न, तेही देशाच्या कायद्याने, एकच उरते, आणि ते नेमके दोन्ही घरांनी खिजगणतीतही न धरलेले पहिले लग्न. हे गणित प्रेक्षकांतील अनेक ज्यू आणि कॅथलिक कुटुंबांना ठाऊक नव्हते असे मानण्याचे कारण नाही. आपल्या धर्माचा विधी रंगभूमीवर मानाने पार पडताना पाहावा आणि त्याची वैधता तपासू नये, असा एक मूक करार नाटक आणि प्रेक्षक यांच्यात झालेला दिसतो.

शेवटच्या अंकात सुमारे एक वर्ष लोटलेले आहे. दोन्ही वडिलांनी संबंध तोडलेले असले, तरी नातवंड झाल्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचली आहे. नाताळच्या सुमारास दोघेही एकमेकांना न कळू देता मुलांच्या घरी येतात. एकाच्या हातात मुलासाठी आणलेल्या भेटवस्तू आहेत, तर दुसऱ्याच्या हातात मुलीसाठी आणलेल्या. बाळ मुलगा की मुलगी, यावर दोन आजोबांची जुंपते आणि अखेर कळते की बाळे जुळी आहेत, मुलगा पॅट्रिक आणि मुलगी रिबेका. पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू कुटुंबांत हयात नातेवाइकाचे नाव बाळाला ठेवत नाहीत, दिवंगताचे ठेवतात. त्यामुळे मुलीला ॲबीच्या दिवंगत आईचे नाव मिळते आणि मुलाला समोर उभ्या असलेल्या आयरिश आजोबांचे. तडजोड करतानाही दोन्हीकडचा रिवाज नेमका सांभाळण्याची ही काळजी या नाटकात सहसा दिसत नाही, म्हणूनच ती लक्षात राहते.

रंगमंचावर हे मनोमिलन रोज घडत असताना बाहेर नेमके उलटे चालले होते. १९२१ च्या कायद्याने प्रत्येक देशातून अमेरिकेत येणाऱ्यांवर मर्यादा घातली. १९१० च्या जनगणनेत त्या देशात जन्मलेले जितके रहिवासी नोंदले गेले होते, त्यांच्या तीन टक्के इतक्यांनाच दरवर्षी प्रवेश मिळू लागला. १९२४ मध्ये ते प्रमाण दोन टक्के केले गेले आणि आधारासाठी मुद्दाम १८९० ची, म्हणजे पूर्व व दक्षिण युरोपातील मोठ्या लोंढ्याआधीची जनगणना निवडली गेली. या हिशेबाने आयर्लंडच्या वाट्याला वर्षाला २८,५६७ जागा आल्या, तर पोलंडच्या वाट्याला ५,९८२ आणि रशियाच्या वाट्याला २,२४८. मर्फींच्या गाववाल्यांसाठी दार बरेचसे उघडे राहिले आणि लेव्हींच्या भाईबंदांसाठी ते जवळजवळ बंद झाले. याच वर्षांत कू क्लक्स क्लान या गोऱ्या प्रोटेस्टंटांच्या वर्चस्ववादी संघटनेचे लाखो सदस्य झाले होते आणि तिच्या लेखी ज्यू व कॅथलिक दोघेही सारखेच परके होते. एकमेकांच्या जिवावर उठलेल्या या दोन व्याह्यांचा शत्रू एकच होता, हे नाटकात कोणी बोलून दाखवत नाही.

समीक्षकांनी नाटकाला झोडपले, अशी आख्यायिका आहे. ती पूर्ण खरी नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या समीक्षकाला नाटक आवडले होते आणि जुळ्यांच्या दुसऱ्या वाढदिवसालाही हजर राहण्याची इच्छा त्याने गमतीने व्यक्त केली होती. खरी पंचाईत झाली ती ‘लाइफ’ साप्ताहिकाच्या रॉबर्ट बेंचली यांची. चालू असलेल्या प्रत्येक नाटकावर दर आठवड्याला एखादी ओळ लिहिण्याची त्या साप्ताहिकाची प्रथा होती आणि हे नाटक काही केल्या बंद होईना. अखेर त्यांनी शेरे लिहिण्यासाठी वाचकांची स्पर्धा घेतली, ती विनोदी नट हार्पो मार्क्स यांनी जिंकली. एका आठवड्यात तर बेंचली यांनी बायबलमधील एका वचनाचा केवळ क्रमांक छापला. ‘येशू ख्रिस्त काल, आज आणि सदासर्वकाळ तोच आहे’ अशा आशयाचे ते वचन आहे.

बेंचली यांचा वैताग समजण्यासारखा आहे, कारण नाटकातील विनोद उच्चारांच्या नकलांवर आणि ठोकळेबाज स्वभावांवर उभा आहे. तापट आयरिश माणूस आणि पैशावर डोळा ठेवणारा ज्यू व्यापारी ही दोन सोंगे अमेरिकी रंगभूमीवर कित्येक दशके फिरत होती. निकोल्स यांनी ती बदलली नाहीत, फक्त त्यांना व्याही केले. आज ती सोंगे अपमानास्पद वाटतात, आणि ती तशी आहेतच. पण दोघांची खिल्ली सारख्याच मापाने उडवली जात असल्यामुळे दोन्ही समाज एकाच प्रेक्षागृहात शेजारी बसून हसू शकले, हे मान्य करावे लागते.

या सोंगांवर मालकी कोणाची, हा प्रश्न शेवटी न्यायालयात गेला. युनिव्हर्सल कंपनीने १९२६ मध्ये ‘द कोहेन्स अँड केलीज’ हा मूकपट काढला. त्यातही एक ज्यू आणि एक आयरिश कुटुंब, मुलांचे गुपचूप लग्न, भांडणारे वडील, नातवंड आणि समेट होता. निकोल्स यांनी दावा लावला. १९३० मध्ये न्यायाधीश लर्नेड हँड यांनी तो फेटाळताना दोन्ही कथानके तपशिलाने मांडली, मूकपटातील वारशाच्या संपत्तीचा तिढा नाटकात नाही हे दाखवले आणि म्हटले की, एखाद्या कलाकृतीतील तपशील एकेक करून वगळत गेल्यास अखेर असा ढोबळ आराखडा उरतो, ज्यावर कोणाचीच मालकी असू शकत नाही. भांडखोर वडील, मुलांचे लग्न, नातवंडे आणि समेट हा आराखडा त्यांनी सर्वांसाठी खुला ठेवला. नाटक पूर्णपणे स्वतंत्र आहे हे आपण गृहीत धरतो, पण त्यावर विश्वास ठेवणे कठीण आहे, असा टोमणाही निकालपत्रात आहे. स्वामित्वहक्काच्या अभ्यासात हा निकाल आजही शिकवला जातो, त्यामुळे ज्यांनी हे नाटक कधीही पाहिलेले नाही असे असंख्य वकील त्याचे कथानक सांगू शकतात.

नाटकावर १९२८ आणि १९४६ मध्ये चित्रपट निघाले आणि १९४० च्या दशकात रेडिओवर मालिका झाली. १९७२ मध्ये सीबीएस वाहिनीने ‘ब्रिजेट लव्ह्ज बर्नी’ ही याच आराखड्याची मालिका आणली, तेव्हा मात्र पन्नास वर्षांपूर्वी हसण्यावारी गेलेला विषय कोणी हसण्यावारी नेला नाही. ज्यू धर्मातील ऑर्थोडॉक्स, कॉन्झर्व्हेटिव्ह आणि रिफॉर्म या एरवी एकमेकांशी न पटणाऱ्या तिन्ही प्रवाहांतील रब्बींनी, आंतरधर्मीय विवाहाला थट्टेचा विषय केल्याबद्दल एकत्र येऊन निषेध केला. प्रेक्षकसंख्येत पहिल्या पाचांत असूनही ती मालिका एका हंगामानंतर बंद करण्यात आली, आणि या निर्णयाचा निषेधाशी काहीही संबंध नाही असे वाहिनीने जाहीर केले.