सारख्याच दोन एसयूव्ही? आधी टायर वाचा

तीन आठवडे झाले ना, त्याच दोन गाड्यांमध्ये अडकून? एकीचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २६०० मिलिमीटर, दुसरीचा २६१०. म्हणजे फरक किती? (करंगळी दाखवत) एवढाही नाही. इंजिन तेवढंच, स्क्रीन तेवढीच, आणि घरातली मतं मात्र दोन टोकांची.

ब्रोशर ठेवा बाजूला आणि गाडीच्या चाकाशी उकिडवे बसा. हो, खाली.

(टायरवर बोट ठेवत) इथे काय लिहिलंय बघा. २१५/६० आर १७. पहिला आकडा टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा म्हणजे रुंदीच्या किती टक्के उंची आहे बाजूच्या रबराची, रिमपासून रस्त्यापर्यंत. शेवटचा रिमचा व्यास, इंचात. २१५ चे ६० टक्के झाले १२९ मिलिमीटर. आता शेजारच्या गाडीचं टॉप मॉडेल : २१५/५५ आर १८. इथे रबर उरलं साधारण ११८. चाकाचा एकूण व्यास जेमतेम चार मिलिमीटरने बदलला, पण रबर ११ मिलिमीटर कमी झालं. खड्ड्याचा पहिला दणका रबर सोसतं, मग सस्पेन्शन, आणि उरलेला तुमची कंबर. फोटोत मोठी अलॉय छान दिसतात, नाही असं नाही. पण गाडी आतून चालवायची असते.

आणि गंमत म्हणजे त्याच गाडीच्या खालच्या व्हेरिएंटला बरेचदा लहान रिम आणि जाड टायर असतो. म्हणजे 'ही गाडी आपटते, ती नाही' असं जे तुम्हाला वाटतंय, तो फरक कदाचित गाड्यांचा नाहीच, व्हेरिएंटचा आहे. तुम्ही जे घेणार आहात तेच व्हेरिएंट चालवून बघा. शोरूमवाले बहुधा टॉप मॉडेल देतात चालवायला. हट्ट धरा.

चालवण्याआधी हवा तपासायला सांगा. कारखान्यातून गाड्या पाठवताना टायरमध्ये जास्त हवा भरलेली असते आणि ती तशीच राहिली तर मऊ गाडीही दगडासारखी लागते. किती हवा हवी, याचं स्टिकर बहुधा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या खांबावर असतं. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर, लागोपाठ चालवा. सोमवारी एक आणि रविवारी दुसरी, असं केलंत तर तुम्ही गाडी नाही, आठवण तोलताय. मागे माणसं बसवा. आणि त्यांच्यात एक उंच माणूस हवाच, कारण सनरूफची चौकट छतातली थोडी जागा खाते आणि ते फक्त त्यालाच कळतं.

आता गिअरबॉक्स. 'दोन्ही ऑटोमॅटिक आहेत' हे ऐकलं की मी विचारतो, कुठलं ऑटोमॅटिक? टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे इंजिनाची ताकद तेलातून गिअरपर्यंत नेणारं, गर्दीत मुंगीच्या पावलाने सरकायला सर्वात निवांत. सीव्हीटी, म्हणजे गिअरच्या पायऱ्याच नसलेलं, त्याहून गुळगुळीत, पण पेडल दाबलंत की आधी इंजिन ओरडतं आणि वेग मागून येतो. ड्युअल क्लच, म्हणजे दोन क्लच आळीपाळीने वापरून गिअर बदलणारा, मोकळ्या रस्त्यावर झकास. मात्र तो कोरड्या, म्हणजे तेलात न बुडालेल्या, क्लचचा असेल तर सतत थांबत-सरकत चालताना क्लच घसरत राहतात आणि तापतात. तुमचा रोजचा रस्ता गर्दीचा असेल तर माझं मत टॉर्क कन्व्हर्टरला. इंधन थोडं जास्त पिईल, पिऊ दे.

पॉवरचा आकडा सारखा असला तरी टॉर्कपुढचा आरपीएम वाचा. टॉर्क म्हणजे इंजिनाची ओढ, आरपीएम म्हणजे त्याचे मिनिटाला फेरे. छोटं टर्बो इंजिन पूर्ण टॉर्क १५००-२००० च्या आसपास देतं, साध्या पेट्रोल इंजिनाला त्यासाठी ४००० च्या पुढे न्यावं लागतं. भरलेली गाडी चढावर नेताना हा फरक पायाला कळतो.

डिकीच्या लिटरवर भांडू नका. कुणी मागच्या सीटमागच्या आडव्या झाकणीपर्यंत मोजतं, कुणी छतापर्यंत. आपली मोठी बॅग सोबत न्या आणि ठेवून बघा. हायब्रिड घेणार असाल तर नक्कीच, कारण काही गाड्यांत बॅटरी डिकीच्या खाली बसवलेली असते आणि तळ वर येतो.

सेफ्टी स्टार बघताना ते ज्या अपघात-चाचणीत मिळाले, तिचं वर्षही बघा. नियम दर काही वर्षांनी कडक होतात, त्यामुळे जुने पाच आणि नवे पाच एक नव्हेत.

आणि डिकी उघडलीच आहे, तर तळाची फळीही उचला. (फळी उचलत) ही बघा स्टेपनी. बाहेर १८ इंची अलॉय आणि आत हे बारकं चाक. यावर लिहिलंय, ताशी ८० किलोमीटरच्या वर जाऊ नका. काही गाड्यांत तर इथे नुसता पंक्चर किट सापडेल. शेजारच्या गाडीत काय आहे, ते पैसे भरायच्या आधी वाकून बघा.