लिटल टोक्योतली दुकानं का उठतात?

नमस्कार, श्रोतेहो.

लॉस एंजलिसच्या ईस्ट फर्स्ट स्ट्रीटवर 1880 च्या दशकात जपानी माणसांचं बस्तान बसू लागलं; तीच ही लिटल टोक्यो वस्ती. 1942 साली, जपानशी युद्ध चालू असताना, सरकारी हुकमाने या सगळ्यांची रवानगी छावण्यांत झाली. रिकाम्या घरांत अमेरिकेच्या दक्षिणेकडची कृष्णवर्णीय कुटुंबं आली आणि वस्तीला काही वर्षं ब्रॉन्झव्हिल म्हणू लागले. परतलेल्यांनी पुन्हा जम बसवला, तोवर पोलीस मुख्यालयासाठी एक मोठा तुकडा पाडला गेला. पुढची पिढी गार्डेना, टॉरन्स या जवळच्या शहरांकडे गेली. आज लिटल टोक्योतल्या वृद्धांच्या इमारतींत कोरियन शेजारीही बरेच आहेत. माणसं बदलली तरी वस्तीची ओळख टिकली ती दुकानांमुळे, आणि आता नेमकी तीच उठतायत.

1995 मध्ये फर्स्ट स्ट्रीटचा जुना भाग राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळ ठरला. पण या दर्जाने इमारतीला मान मिळतो, आतल्या भाडेकरूला संरक्षण मिळत नाही. 1972 पासूनचं सुएहिरो कॅफे 2024 च्या जानेवारीत याच रस्त्यावरून उठलं. 2023 मध्ये इथे नवं भुयारी मेट्रो स्टेशन सुरू झालं. अशा ठिकाणी जागेवर गुंतवणूकदारांची नजर जाणारच.

आता हिशेब पाहा. कॅलिफोर्नियात मालमत्ता कर खरेदीच्या किमतीवर साधारण 1 टक्का असतो आणि करासाठी धरलेली किंमत वर्षाला फार तर 2 टक्के वाढते. इमारत विकली की मात्र नव्या भावाने आकारणी होते. समजा, कागदावर 5 लाख डॉलरची इमारत 40 लाखांना गेली. कर 5 हजारांवरून 40 हजारांवर गेला. करार ‘ट्रिपल नेट’ असेल, म्हणजे कर, विमा आणि देखभाल भाडेकरूकडे, तर चार दुकानांत प्रत्येकी 10 हजार डॉलर, तेही भाड्याखेरीज. दुकानांच्या भाड्यावर मर्यादा घालायला शहरांना 1987 च्या राज्य कायद्याने मनाई आहे. त्यात जुना करार संपून महिन्या-महिन्याने भाडं चालू असेल, तर दुकानदाराच्या हाती काहीच उरत नाही.

2025 पासून राज्याच्या नव्या कायद्याने लहान दुकानांना थोडा आधार मिळाला. दहापेक्षा कमी कामगारांचं उपाहारगृह असेल, तर महिन्या-महिन्याच्या भाडेकरूची भाडेवाढ 10 टक्क्यांवर गेल्यास 90 दिवसांची नोटीस द्यावी लागते. मात्र आपण या कायद्यात बसतो, हे मालकाला लेखी कळवावं लागतं, दरवर्षी. इथेच अनेकांचं घोडं अडतं. करार भाषांतरित करून देण्याची सक्ती स्पॅनिश, चिनी, टॅगालोग, व्हिएतनामी आणि कोरियन या पाच भाषांपुरती आहे. जपानी त्यात नाही, ही मला फार खटकणारी गोष्ट आहे.

1979 पासून काम करणारं लिटल टोक्यो सर्व्हिस सेंटर, ही वस्तीतली ना-नफा संस्था, परवडणारी घरं बांधत आलं आहे. तशाच दुकानांच्या इमारतीही वस्तीतल्याच लोकांनी पैसा उभा करून विकत घ्यायला हव्यात, आणि जुना मालक विकायला काढायच्या आधीच त्याच्याशी बोलणी सुरू करायला हवीत. एकदा जाहिरात लागली, की रोख पैसे घेऊन येणाऱ्या गुंतवणूकदारापुढे वस्तीचा फंड टिकणं कठीण असतं.