चादरीच्या गठ्ठ्यातली चिठ्ठी

(सोलापूर येथे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

मंडळी, आपल्या गावातून चादरींचा गठ्ठा बाहेरगावी निघाला की त्याबरोबर व्यापाऱ्याची चिठ्ठी जायची. इतके नग, अमुक रंग, रक्कम अमुक तारखेपर्यंत पाठवा. ही चिठ्ठी कायद्याला मान्य होती. पण तिच्याच तळाशी कुणी लिहिलं, 'वहिनींची तब्येत आता कशी आहे? दिवाळीला सगळे इकडे या', तर १८९८ चा भारतीय डाकघर कायदा मोडला जायचा.

या कायद्याच्या चौथ्या कलमानं पत्रं पोचवण्याचा अधिकार एकट्या सरकारकडे ठेवला होता. त्याला अपवाद मोजके. मालासोबतची चिठ्ठी चालेल, पण ती फक्त त्या मालाविषयी हवी. आपल्या कामासाठी मुद्दाम माणूस पाठवून पत्र धाडता येईल. गावाला निघालेला मित्र तुमचं पत्र नेऊ शकेल, मात्र त्यानं मोबदला घेता कामा नये.

पाचवं कलम त्याहून कडक. प्रवासी किंवा माल वाहून नेण्याचा ज्याचा धंदा आहे, त्यानं आणि त्याच्या नोकरांनी, गाडीतल्या मालाविषयीची चिठ्ठी सोडून, लोकांची पत्रं घ्यायचीच नाहीत. एक पैसा न घेतासुद्धा नाही. सोलापूरहून अक्कलकोटला किंवा बार्शीला निघालेल्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हातात 'एवढं आमच्या घरी द्या हो' म्हणून पाकीट देणं आपल्याकडे किती सहज होतं! कायद्याच्या लेखी मात्र तो गुन्हा होता, आणि दंड दर पत्रामागे ५० रुपयांपर्यंत. पत्र या शब्दात पोस्टकार्डही धरलेलं होतं.

म्हणजे धंद्याच्या मजकुराला वाट मोकळी आणि खुशालीला टपालखर्च. मालाच्या चिठ्ठीला सूट दिली नाही तर व्यापार अडतो, हे सरकारला कळत होतं. घरच्या पत्रानं काय अडतं, हा हिशेब कुणी मांडला नाही. हे वाचताना पहिल्यांदा माझ्या मनात चीड आली. पण या मक्तेदारीच्या बदल्यात लोकांना काय मिळालं, तेही बघितलं पाहिजे.

१८३७ च्या कायद्यानं कंपनी सरकारनं खाजगी डाक बंद केली. तेव्हा टपालाचा दर अंतरावर ठरे. कलकत्त्याहून मुंबईला एक तोळा वजनाचं पत्र पाठवायला एक रुपया पडायचा. हातमागावर बसणाऱ्या माणसाला हे परवडणं शक्यच नव्हतं. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये रोलंड हिल यांनी मांडणी केली, की पत्र लांब नेण्याचा खर्च अगदी नगण्य असतो. लंडनहून एडिंबरोला एक पत्र नेण्याचा खर्च त्यांनी पेनीचा छत्तिसावा भाग काढला. खरा खर्च होतो तो पत्रांची नोंद, हिशेब आणि घरोघरी पैसे वसूल करण्यात. मग अंतराप्रमाणे दर कशाला? १८४० मध्ये तिथे एक पेनीचा दर लागू झाला.

आपल्याकडे हा विचार १८५४ मध्ये आला. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, अंतर कितीही असो. पूर्ण तोळ्याला दोन आणे. म्हणजे कलकत्ता-मुंबईचा खर्च एकदम आठव्या हिश्श्यावर आला. पाव तोळा म्हणजे जेमतेम तीन ग्रॅम. सोन्याच्या वजनाची ही मापं कागदाला लागली होती, तेव्हा कागद पातळ घ्यायचा आणि अक्षर बारीक काढायचं.

ज्यांना तेही जड होतं ते बिनतिकिटाचं पाठवत. आपण त्याला नॉटपेड म्हणायचो. घेणाऱ्याला दुप्पट पैसे भरावे लागत, किंवा न फोडता परत करायचं. पाकिटावरच्या ठरलेल्या खुणेवरून निरोप ओळखून पत्र परत करण्याची युक्ती इंग्लंडमध्येही चालत असे.

१ जुलै १८७९ ला पोस्टकार्ड आलं, किंमत पाव आणा, म्हणजे एक पैसा. पुढच्याच वर्षी टपालखात्याची मनीऑर्डर सुरू झाली आणि तिच्या कुपनावर चार ओळी लिहायची सोय होती. गिरणीत पगार झाला की गावाकडे पैसे जायचे आणि त्या कुपनावर खुशाली. वेगळ्या तिकिटाची गरज नाही. ज्या व्यवस्थेनं गठ्ठ्यातल्या चिठ्ठीत खुशाली नाकारली, तिनंच कुपनावर तिला जागा दिली. आपल्या शहरात ती तेलुगूत लिहिली गेली, कन्नडात, उर्दूत आणि मराठीत. दर सगळ्यांना एकच.

माझं म्हणणं असं, की हा एक सौदा होता. मुंबई-पुण्याच्या पत्रांवर चार पैसे सुटायचे, म्हणून मंगळवेढ्याच्या वस्तीवरचं पत्र त्याच दरात जायचं. नफ्याच्या वाटा दुसऱ्या कुणी उचलल्या असत्या, तर वस्तीवर कोण गेलं असतं? शिवाय जुन्या कायद्याच्या परिशिष्टातच दर लिहिलेले होते. त्यांची मर्यादा वाढवायची तर सरकारला संसदेपुढे यावं लागे. म्हणून कार्डाची किंमत बजेटच्या दिवशी घरोघरी चर्चेला यायची.

२०२३ च्या डाकघर कायद्यानं, जो १८ जून २०२४ पासून लागू आहे, पत्रं नेण्याची मक्तेदारी काढून टाकली. ती जुनी कलमं गेली याचं मला दुःख नाही. पण आता सेवांचे दर टपालखात्याचे महासंचालक विनियमांनी ठरवू शकतात. सौद्याची एक बाजू गेली, दुसरीचं काय? पोस्टकार्ड आज ५० पैशांना आहे. त्यात खर्च भागत नाही, हे सरकारच सांगत आलं आहे. मग ते किती दिवस टिकणार?

तेव्हा साध्या घरगुती पत्राची, २० ग्रॅमपर्यंतच्या पाकिटाची आणि कार्डाची, कमाल किंमत कायद्यातच लिहिलेली असावी आणि ती वाढवायची तर संसदेत मतदान व्हावं. आपल्या खासदारांकडे ही मागणी करायला हवी. आणि ती लेखी करावी, कार्डावर.