'हाउलिंग 2' बजेटमुळे नाही पडला! वेअरवुल्फ सीक्वेलचं खरं दुखणं

नमस्कार मंडळी! 'भेडिया'वरचा व्हिडिओ टाकल्यापासून कमेंटमध्ये एकच धोशा लागलाय, ताई 'हाउलिंग 2' वर कधी बोलणार, ताई तो लई भंगार पिक्चर आहे म्हणतात त्यावर करा ना. तर आज करूयातच. आणि आधीच सांगते, आज मी जरा तावातावानं बोलणारे, कारण या पिक्चरबद्दल एक वाक्य मला इतक्या वेळा ऐकावं लागलंय की आता राहवत नाही.

बेसिक पटकन उरकते. 1981 साली 'द हाउलिंग' आला, डायरेक्टर जो डान्टे. लॉस एंजेलिसच्या टीव्हीवर बातम्या देणारी कॅरन, तिच्या मागे लागलेला एक खुनी, मग आराम करायला म्हणून ती एका रिसॉर्टवर जाते आणि तिथे सगळेच वेअरवुल्फ, म्हणजे माणसाचे लांडगे होणारे, निघतात. शेवटी कॅरन लाइव्ह टीव्हीवर, सगळ्यांच्या देखत लांडगी होते, आणि तिला गोळी घालतात. पिक्चर चालला. 1985 मध्ये दुसरा भाग, डायरेक्टर फिलिप मोरा. कॅरनच्या अंत्यविधीपासून सुरुवात. तिचा भाऊ बेन तिथे आलाय, आणि ख्रिस्तोफर ली त्याला येऊन सांगतो की बाबा रे, पोस्टमॉर्टेमला चांदीच्या गोळ्या काढल्या, आता तुझी बहीण परत उठणार. मग सगळे ट्रान्सिल्व्हेनियाला जातात, तिथे स्टिर्बा नावाची वेअरवुल्फांची राणी, सिबिल डॅनिंग, आणि तिचा खात्मा. झाली स्टोरी. शूटिंग ट्रान्सिल्व्हेनियात नाही हां, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात, प्रागमध्ये.

आता ते वाक्य. "ताई, बजेटच नव्हतं, मग पिक्चर कसा चांगला होणार?"

नाही! नाही म्हणजे नाही. बजेट नव्हतं हे खरंय, पण म्हणून पिक्चर पडला हे अजिबात खरं नाही, आणि हे मी आज सिद्ध करून दाखवणारे.

पहिलं म्हणजे पैशाचंच बघू. पहिला 'हाउलिंग' काय श्रीमंताघरचा होता का? तोही दीड-पावणेदोन मिलियन डॉलरच्या आसपास झालेला पिक्चर आहे, हॉलिवूडच्या मानानं तेव्हाही किरकोळ रक्कम. त्याच वर्षी आलेल्या 'अ‍ॅन अमेरिकन वेअरवुल्फ इन लंडन'चं बजेट याच्या कितीतरी पट. आणि गंमत बघा, 'हाउलिंग'चं मेकअपचं काम आधी रिक बेकरकडे होतं, तो लंडनवाल्या पिक्चरला गेला आणि जाताना हे काम आपल्या शिष्याला देऊन गेला, रॉब बॉटीनला. पोरगा तेव्हा एकविशीतला. बेकरला लंडनच्या पिक्चरसाठी बेस्ट मेकअपचं ऑस्कर मिळालं, स्पर्धेतून दिलेलं त्या विभागातलं पहिलंच. पण शिष्यानं कमी पैशात जे केलं ते बघताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. त्यानंतर वर्षभरात याच पोरानं 'द थिंग' या हॉरर पिक्चरचं मेकअपचं काम केलं.

त्याचा तो सीन आठवतोय का? डॉक्टरची खोली, कॅरन आणि समोर एडी, तिच्या मागे लागलेला तो खुनी. एडी आधी कपाळात बोट घालून स्वतःच्या डोक्यातली गोळी बाहेर काढतो. मग सुरू होतं. गळ्याखाली काहीतरी हलतं, गाल फुगतात, कपाळाची कातडी वर उचलली जाते, नखं वाढतात, मग तोंड पुढे येतं. आणि कॅमेरा हलत नाही हो! म्हणजे मध्ये मध्ये कॅरनचा चेहरा दाखवतो, पण परत तिथेच येतो, जिथे सोडलं होतं तिथूनच पुढे चालू. दोन-अडीच मिनिटं हेच.

इथे एक कमेंट हमखास येते, "ती पळून का जात नाही, उभी राहून बघत काय बसते?" साहेब, मला हा प्रश्न दर वेळी येतो, 'द थिंग'च्या व्हिडिओखालीसुद्धा आला होता, ज्याचा कॅरनशी काही संबंध नाही. तर उत्तर असं, ती आपल्यासाठी उभी आहे. ती गेली की आपल्यालाही जावं लागेल. तिचे पाय उचलत नाहीयेत आणि आपलीही नजर हटत नाहीये, सीन तिथेच जिंकलाय.

बरं, आता हे होतं कसं ते दाखवते. (टेबलावरचं सामान कॅमेऱ्यासमोर.) हा मेडिकलमधून आणलेला रबरी हातमोजा, त्याचा हा कापलेला तुकडा. ही सलाईनची नळी. नळीच्या टोकाला हा लहान फुगा, दोऱ्यानं आवळून बांधलाय. फुगा ठेवला मनगटावर, त्यावर मोज्याचा तुकडा, कडा चिकटपट्टीनं बंद. वरून थोडं फाउंडेशन लावलंय, रंग जुळत नाहीये पण चालेल. नळीचं दुसरं टोक टेबलाखाली, तिथे आमचा दादा बसलाय. दादा, फुंक. हळू. हळू हळू... बघा! बघा कातडीखाली काय होतंय. थांब. सोड हवा. परत फुंक. माझा स्वतःचा हात आहे, आत फुगा आहे हे मला माहितीये, तरी मला कसंतरी होतंय. बॉटीननं फोम लेटेक्सच्या, म्हणजे स्पंजासारख्या मऊ रबराच्या, कातडीखाली अशाच हवेच्या पिशव्या बसवल्या होत्या, एक नाही, कितीतरी, आणि कॅमेऱ्याच्या बाहेर माणसं त्या फुगवत होती.

आता हेच परत. दादा, हवा सोड. मी आता कॅमेऱ्यावर हात धरते. (पडदा काळा.) फुंक. झालं? (हात बाजूला.) हे बघा. काय दिसतंय? टेंगूळ. एक टेंगूळ, बस. तोच फुगा, तोच मोजा, तोच दादा, खर्च एक पैशानं कमी-जास्त नाही. मगाशी किळस आली, आता काहीच नाही. कारण मगाशी तुम्ही ते होताना बघितलं आणि आता झालेलं बघताय.

'हाउलिंग 2' मध्ये नेमकं हेच झालंय. माणसाचा लांडगा होताना आपल्याला नीट बघूच देत नाहीत. थोडे केस, एक दात, कुणाची तरी किंकाळी, कट. अंधार, झाडी, लाल डोळे, कट. आणि कट पण साधा नाही, स्क्रीनवर चित्रविचित्र आकार सरकत येतात आणि सीन पुसून टाकतात, मग एकदम क्लबमधला तो बँड, बेबेल, तेच गाणं, परत जंगल, परत बँड. गाणं छान आहे, मला आवडतं, न्यू वेव्ह म्हणतात तसलं पंक रॉक आहे. पण भीती साठायला वेळ लागतो, आणि इथे ती साठायला लागली की कुणीतरी भांडं पालथं करतं.

"पण ताई, त्यांना ते जमत नसेल, मोराला इफेक्ट्समधलं कळत नसेल." हा दुसरा लाडका युक्तिवाद. अहो, याच फिलिप मोरानं 1982 मध्ये 'द बीस्ट विदिन' केला होता! त्यात हॉस्पिटलच्या खोलीत एका पोराचं रूपांतर होतं, डोकं फुगत फुगत जातं, घरचे उभे राहून बघतायत, आणि ते इतकं लांबवलंय की आपणच म्हणतो आता पुरे. हवेच्या पिशव्याच. म्हणजे हा माणूस तीन वर्षांपूर्वी हेच काम करून बसलाय, धीर कसा धरायचा हे त्याला माहीत होतं. म्हणून तर मला जास्त वाईट वाटतं. नवखा असता तर सोडून दिलं असतं.

सूटची, म्हणजे लांडगा दिसायला अंगावर चढवायच्या पोशाखांची गोष्ट बऱ्याच जणांनी विचारलीये. मोरानं मुलाखतींमध्ये सांगितलंय की प्रागला पेट्या आल्या, उघडल्या, तर लांडग्यांच्या जागी माकडांचे सूट! 'प्लॅनेट ऑफ द एप्स'चे. शूटिंग तोंडावर, पोलादी पडद्याच्या त्या बाजूचा देश, कम्युनिस्ट राजवट, दुसरे मागवणार कुठून. मग ख्रिस्तोफर लीच्या तोंडी उत्क्रांती उलटी फिरते अशा अर्थाचं बोलणं आलं, म्हणजे माणूस मागे मागे जात लांडगा होतो आणि मधे माकडासारखा दिसला तर दिसला. आता ही गोष्ट ऐकून लोक हसतात. मला नाही हसू येत. मला वाटतं ही कल्पना कसली भारी आहे! घ्या ना तीच! एक माणूस दाखवा, अंगावर केस येतात, पाठ वाकते, हात लांबतात, माकड होतो, आणि मग तिथून थूथन पुढे येतं. तुमच्याकडे सूट आहेत, लीसारखा आवाज आहे समजावून सांगायला, एका जागी कॅमेरा लावा आणि दोन मिनिटं दाखवा. फुकटात मिळालेली आयडिया, आजवर कुणी केली नव्हती, आणि ती एका संवादात संपवली.

म्हणजे परत तिथेच आले मी. पैसे नाही, धीर.

नियमांचा घोळ पण आहे. चांदीची गोळी सगळ्यांना माहीत. इथे म्हणतात स्टिर्बासारख्या जुन्या जाणत्यांना चांदी चालत नाही, टायटॅनियम लागतं. नाशिकहून एका काकांनी विचारलंय, "टायटॅनियमच का?" काका, पिक्चरमध्ये कारण दिलेलं नाही, टायटॅनियम लागतं म्हणून लागतं. त्यात स्टिर्बा मंत्र म्हणते, हातातून वीज सोडते, तरुण होते, तिचा मंत्र कानावर पडू नये म्हणून तिच्याशी लढणाऱ्यांनी कानात बोळे घातलेत. हे चेटकिणीचं आणि व्हॅम्पायरचं सामान झालं. वेअरवुल्फची भीती वेगळी असते हो. तो आपल्यातलाच असतो आणि त्याला ते नको असतं, निदान सुरुवातीला तरी. कॅरनच्या शेवटच्या सीनमध्ये तेच होतं, बातम्या देता देता बाई जगाला सावध करायला स्वतःचं हे रूप दाखवते. दुसऱ्या भागात त्याच घटनेची टेप दाखवलीये, तर ती बाई पहिल्या भागात कॅरन झालेली डी वॉलेस नाहीच, दुसरीच कुणीतरी, नव्यानं शूट केलेलं. ज्या सीननं पहिला पिक्चर संपवला, ज्यावर हा अख्खा सीक्वेल उभा आहे, तोच बदलला. इथे माझा जीव तुटला.

आणि शेवटची श्रेयनामावली. सिबिल डॅनिंगचा तो एक शॉट, अंगावरचा कपडा फाडते तो, परत परत लावलाय, लोकांनी मोजून 17 वेळा सांगितलंय. तिला विचारून केलेलं नव्हतं, तिनं नाराजी बोलून दाखवलीये, आणि बरोबर आहे तिचं. त्या बाईनं पूर्ण पिक्चरभर स्टिर्बा मनापासून केलीये, राणीसारखी बसते, राणीसारखी चालते. तिच्या कामाची ही किंमत? एक हिशोब करा, तो शॉट 17 वेळा लावायला एडिटिंग टेबलावर जागा होती, आणि एक रूपांतर पूर्ण दाखवायला नव्हती. आता सांगा बजेट.

चांगलं काय आहे ते पण बोलते, कारण कमेंटमध्ये "ताई नुसती टीका करते" असं पण एक जण लिहून गेलाय. प्राग! 'अमेडियस' नुकताच तिथे शूट होऊन गेला होता, ते दगडी रस्ते, जुने चेहरे, धुकं, हे अमेरिकेत सेट लावून मिळालं नसतं. गावच्या जत्रेतले मुखवटे आणि बाहुल्या बघा, तिथे पाच मिनिटं पिक्चर खरंच वेगळा होतो, मला तो भाग रात्री एकटीनं बघायला नको वाटतो. आणि ली. क्लबमध्ये तो पातळ गॉगल घालून येतो त्यावर लोक मीम करतात, पण आवाज ऐका, एक ओळ त्यानं वाऱ्यावर सोडलेली नाही. पुढे 'ग्रेमलिन्स 2' च्या वेळी त्याची आणि जो डान्टेची गाठ पडली, तेव्हा त्यानं 'हाउलिंग 2' मध्ये काम केल्याबद्दल डान्टेची माफी मागितली होती. लीसाहेब, तुम्ही कशाला मागितलीत? मागायची असेल तर ज्यांनी कात्री चालवली त्यांनी मागायची.

कसा बघायचा हे विचारलंय एका ताईंनी, मुलं बरोबर असतील तर चालेल का. नाही ताई, मुलांबरोबर अजिबात नको, दोन्ही भाग मोठ्यांचे आहेत. स्वतः बघणार असाल तर आधी पहिला पूर्ण बघा, लगेच दुसरा लावू नका, मध्ये 'द बीस्ट विदिन'चा तो हॉस्पिटलचा सीन बघा आणि मग 'हाउलिंग 2'. दुसरा बघताना जिथे जिथे कुणाला केस यायला लागतील तिथे तिथे पॉज करून बघा पुढचा कट कधी येतो. आणि मोरानं 1987 मध्ये तिसरा भाग ऑस्ट्रेलियात केला, त्यातल्या वेअरवुल्फ बायकांना कांगारूसारखी पोटावर पिशवी आहे, पिलू त्यात चढून जातानाचा सीन आहे आणि तो त्यानं न कापता दाखवलाय. त्याच्यावर पुढच्या आठवड्यात बोलते. दादा, नळी सोड आता, हात दुखायला लागला माझा.