पांढरी मुळी आधी, फळ नंतर

मंडळी, आधी एक हिशेब मांडतो. स्ट्रॉबेरीचं फळ रंगू लागलं की आपला तोडा एक दिवसाआड असतो. औषधाच्या लेबलावर मात्र फवारणीनंतर तीन, पाच, कधी सात दिवस तोडणी करू नका असं लिहिलेलं असतं. ते दिवस पाळले तर माल वाफ्यावरच सडतो, नाही पाळले तर औषध पनेटमधून, म्हणजे फळांच्या छोट्या डबीतून, थेट लेकरांच्या तोंडात जातं. स्ट्रॉबेरीला सोलून टाकायला साल नाही. त्यामुळे या पिकाची सगळी काळजी फुलं लागायच्या आधीच घ्यायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

जैवउत्तेजकं, म्हणजे कीड न मारता रोपाच्या वाढीला हातभार लावणारी द्रव्यं, इथंच कामाला येतात आणि घोळही इथंच होतो. पानांचा रस शोषणारी बारीक कीड दिसली की "लाल कोळ्यावर काय आहे?" म्हणून दुकानात विचारायचं आणि समुद्री शेवाळाच्या अर्काची बाटली घेऊन यायचं. अहो, तो अर्क कोळी मारत नाही! केंद्र सरकारनं 2021 मध्ये जैवउत्तेजकं खत नियंत्रण आदेशात आणली, तेव्हा कीटकनाशकं त्या व्याख्येच्या बाहेरच ठेवली. मी स्वतः एकदा घटक आणि प्रमाण न लिहिलेली बाटली आणली होती. आत काय होतं, ते मला आजही सांगता येणार नाही. तेव्हापासून लेबल वाचल्याशिवाय पैसे काढत नाही.

मग यांचं काम काय? रनर, म्हणजे मूळ झाडाच्या धावत्या फांदीवर फुटलेलं रोप, उपटून गादीवाफ्यावर लावला की त्याची मुळं तुटलेली असतात. पुढचे दोन-तीन आठवडे पांढरी मुळी फुटण्याचे. तेव्हा ठिबकातून ह्युमिक (कुजलेल्या सेंद्रिय पदार्थांतलं आम्ल) आणि पानांवर शेवाळाचा पातळ अर्क दिला, तर रोप धक्क्यातून लवकर सावरतं. महाबळेश्वर-पाचगणीच्या आपल्या तांबड्या, आम्ल मातीत लोह-ॲल्युमिनियम स्फुरदाला (फॉस्फरसला) धरून बसतात. मायकोरायझा ही बुरशी मुळाला चिकटून राहते आणि मूळ पोचत नाही तिथून तो स्फुरद आणून देते. पण ती मुळालाच लागली पाहिजे, म्हणून लावणीच्या वेळीच द्या. रोपं बुरशीनाशकात बुडवून लगेच मायकोरायझा दिला, तर तो खर्च बहुधा वायाच जातो.

कायटोसान मला फार आवडतं. ते कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून बनतं. बुरशीच्या पेशीभित्तीतही त्याच जातीचा पदार्थ असतो. पानावर ते पडलं की झाडाला वाटतं बुरशी आली, आणि ते आपली संरक्षक विकरं (एन्झाइम) तयार करू लागतं. फळ सडवणारी राखी बुरशी फळावर दिसल्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि नत्र (नायट्रोजन) आवरा. एका वर्षी नोव्हेंबरात माझा युरियाचा हात सैल सुटला. पानं हिरवीगार, तळहाताएवढी झाली, बघून मन भरायचं. डिसेंबरात त्याच पानांखाली दव दुपारपर्यंत वाळेना आणि निम्मा तोडा राखी बुरशीनं गेला. मऊ, रसाळ पानांवर कोळीही जोरात वाढले. असं झाल्यावर कोणतंही उत्तेजक तुम्हाला वाचवत नाही.

आता आमच्याकडे तोड्याला दोन बादल्या असतात. दुसरी सडक्या फळांसाठी. ती फळं सरीत टाकायची नाहीत, शेताबाहेर नेऊन पुरायची.